हिरव्या काठाखाली

प्रिय दादा,

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हटलं की दोनच गोष्टी होतात. एक तर तू घाईत असतोस, नाहीतर आई मधेच फोन हिसकावून घेते आणि तुझी पाठ, तुझी झोप, वहिनीचा खोकला असं सगळं विचारत बसते. मग माझ्या हातात फोन परत येतो तेव्हा तुझं लक्ष उडालेलं असतं. म्हणून आज दार लावून लिहायला बसले आहे. हे पत्र जरा लांबेल. एका दमात वाचू नकोस, आणि वाचताना वहिनी जवळ असली तर बरं.

आई बरी आहे. गुडघ्यांनी तिला जिना सोडायला लावलाय, पण खिडकीत बसून ती आख्ख्या गल्लीचा कारभार बघते. समोरच्या शिंपिणीने विजेवर चालणारं नवं मशीन घेतलंय. त्याच्या घरघरीने आपले कान गेले असं आईचं म्हणणं. कान त्याच्या कितीतरी आधी गेले होते, हे तिला सांगायची कुणाची छाती नाही. वहिनीने पाठवलेली शाल ती रोज पांघरते आणि रोज म्हणते की रंग म्हाताऱ्या बाईचा आहे. जेवण कमी झालंय. गेल्या महिन्याभरात जास्तच. पानावर बसते, मधेच हात थांबतो, आणि ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहते.  

त्या दिवशी तू विचारलंस, नक्की झालं काय. मी म्हटलं, पाय घसरला. आई शेजारीच होती आणि मला तेवढंच बोलता आलं. सगळं गाव तेच म्हणतंय, मीही तेच म्हटलं. पण बगळ्याचा पाय घसरला नाही, दादा. लहानपणापासून ज्याला आपण एका पायावर उभा राहून विचार करताना पाहिलं, आणि ज्याला ते नाव तूच दिलंस, तो तुझा मित्र चिखलावर पाय घसरून मरणाऱ्यातला नव्हता. उभी हयात त्याने गाव आणि खारं खाजण यांच्यामधल्या बांधावर काढली. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून भरतीला झडप लावायची, ओहोटीला उघडायची. अंधारातही त्याचे पाय वाट चुकत नसत. त्याच्या पायाखालचा काठच गेला. तो का गेला हे मला माहीत आहे, आणि तुला मी गेल्या वर्षी थोडंसं सांगितलंही होतं. पण आधीपासून सांगते, कारण तुझी बाजू मी विसरले असं तुला वाटायला नको.

मागच्या गल्लीतलं ते उघडं गटार मला अजून स्वप्नात येतं. त्याच्या कडेने आपण शाळेत जायचो, आणि पावसात ते आपल्या उंबऱ्यापर्यंत यायचं. मला विषमज्वर झाला तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. मला आठवतं ते एवढंच की डोळे उघडले की तू दिसायचास. कपाळावरची पट्टी बदलत, पुस्तक मांडीवर उलटं ठेवून बसलेला. आई सांगते की डॉक्टरांनी आशा सोडली होती त्या दिवशी तू अंगणात जाऊन त्या गटारात दगड मारत बसला होतास. अभियंता होऊन तू याच गावात परत आलास, मोठ्या शहरातली नोकरी सोडून, तेव्हा लोकांना तुझं डोकं फिरलं असं वाटलं होतं. तू का आलास हे मला तेव्हाही कळलं होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही नाही.

तुझ्या टाक्या उभ्या राहिल्या, जमिनीखालून नळ गेला, आणि गटार बंद झालं. मैला टाक्यांत बसायचा, जंतू मारले जायचे, आणि वरचं स्वच्छ पाणी खाजणातल्या दक्षिणेच्या ओढ्यात सोडलं जायचं. त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद विरघळून राहतं हे तुला माहीत होतं. तू लपवलंही नव्हतंस. उद्घाटनाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास की ते खाजणाच्या गवताला खत म्हणून मिळेल, गवत ते खाऊन टाकेल आणि समुद्रात काही जाणार नाही. मी दुसऱ्या रांगेत होते. तुझा सदरा नवा होता आणि कॉलर उभी राहिली होती. मागून बगळ्याने ती खाली दाबली. त्या काळी कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. पुढे मी जी पुस्तकं शिकले त्यांतही हेच होतं. गावातला ताप ओसरला. आपल्या गल्लीत त्यानंतर एकही मूल त्या तापाने दगावलं नाही. ही गोष्ट खरी आहे आणि पुढे मी जे काही लिहीन त्याने ती खोटी ठरत नाही, एवढं धरून पुढचं वाच.

आणि गवत वाढलं. तू बढतीवर बाहेर गेलास त्याच्या आधीच ते गुडघ्यावरून मांडीपर्यंत आलं होतं. नंतर कमरेला लागलं. रंग तर असा की जिथे हे पाणी जात नाही त्या उत्तरेच्या ओढ्याजवळचं गवत त्याच्यापुढे आजारी वाटावं. नगरपालिकेने दिनदर्शिकेवर त्याचा फोटो छापला. बारीक मासे, कोळंबी, खेकडे, सगळंच वाढलं. कोळी खूश, बगळे खूश, म्हणजे पंखवाले. आमचा बिनपंखांचा बगळा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर थांबवून सांगायचा की हे माझ्या मित्राने केलंय. मी संशोधन केंद्रात लागले तेव्हा पहिली काही वर्षं मीही तेच मोजलं. चौकट टाकायची, आतलं गवत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. दक्षिणेचं वजन उत्तरेच्या दुप्पट भरायचं. मी तुला आकडे कळवायचे आणि तू उलट लिहायचास, शाबास.

आमचं केंद्र तू पाहिलेलं नाहीस. होड्या दुरुस्त करतात त्या शेडच्या वर दोन खोल्या आहेत. एका खोलीत भट्टी आणि तराजू, दुसरीत मोरी आणि चाळण्या. खालून दिवसभर हातोड्यांचे आवाज, डांबराचा वास. खाजणाचा चिखल नळकांड्यात भरून आणायचा आणि मोरीवर बसून चाळणीत धुवायचा, म्हणजे माती वाहून जाते आणि मुळं मागे राहतात. हे काम कुणालाच नको असतं, कारण कंबर मोडते आणि हाताचा वास आठवडाभर जात नाही. मी ते सुरू केलं त्याला विशेष कारण नव्हतं. वरचं मोजून झालं होतं, खालचं कुणी मोजलं नव्हतं, एवढंच. उत्तरेच्या ओढ्याची नळकांडी धुतली की चाळणीत काथ्याच्या जाड पायपुसण्यासारखा गुंता उरायचा, ओढला तरी तुटायचा नाही. दक्षिणेची धुतली की चाळणीत मूठभर. मला वाटलं माझीच जागा चुकली. दुसरीकडून काढली, तिसरीकडून काढली. मूठभरच.

त्यामागचं कारण तसं समजायला अवघड नाही. गवताला अन्न शोधावं लागतं तेव्हा ते खाली खोल हात पसरतं. तोंडाशी आयतं आणून दिलं तर कशाला पसरेल? सगळी ताकद पात्यात जाते. शिवाय त्याच नत्राने चिखलातले सूक्ष्म जीवही माजतात आणि जुनी मुळं, कुजलेला पाला, ज्याच्यावर तो काठ शेकडो वर्षं उभा राहिला, तो भराभर खाऊन संपवतात. वरून पीक दुप्पट, खालून काठ पोकळ. वजनाने गवत आडवं पडायला लागलं. मग ओढ्याच्या कडेला भेगा दिसल्या. मग कडा सुटायला लागल्या, टेबलाएवढे, पलंगाएवढे हिरवे तुकडे तसेच्या तसे ओढ्यात बसायचे, वरचं गवत डुलत. कडेला पायरी पडली म्हणून लहान माशांना भरतीत गवतात शिरता येईना. कोळ्यांची चंगळ तिथेच संपली. ते नशिबाला दोष देत राहिले.

बगळ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो माझ्याशी भांडला. खरंच भांडला. माझी नळकांडी होडीतून आणून देणारा, चिखलाचे डाग पडले म्हणून माझी थट्टा करणारा माणूस एकदम ताठ झाला आणि म्हणाला, "तुझ्या भावाने केलेलं काम आहे ते. चुकेल कसं?" मी म्हटलं, चुकलेलं नाही, पुढे काय होईल ते तेव्हा कुणाला दिसलं नाही. त्याने चार दिवस मला होडी दिली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच आला, मोरीवर बसला, बाह्या वर केल्या आणि दोन्ही ओढ्यांची नळकांडी स्वतःच्या हातांनी धुतली.  जाताना एवढंच म्हणाला की हे त्याला तूच सांग, मी सांगितलं तर त्याला वाईट वाटेल.

म्हणून मी तुला फोन केला होता. तुझ्याकडे पाहुणे होते. तू हसलास आणि म्हणालास की हिरवं दिसतंय ना, मग झालं तर, आणि तू चाळणीत फार डोकं घालून बसतेस. मला राग आला नाही. तू दमलेला वाटलास. मी अहवाल नगरपालिकेला दिला, सध्याच्या अभियंत्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाला. नत्र काढून टाकणारी आणखी एक टाकी बांधता येते, तुला माहीतच आहे. ते काही अशक्य काम नव्हतं. पण ज्या काठाचे फोटो काढायला लोक बाहेरगावाहून येतात तो आजारी आहे हे कुणाला पटवायचं? मी दर महिन्याला जाऊन बसायचे, तो दर महिन्याला चहा पाजायचा.

इथे मला दुसरंही काही सांगायला हवं. लहानपणी मी त्याला बगळादादा म्हणायचे. हल्ली काही वर्षं मी तुझ्याशी बोलताना नुसतं बगळा म्हणत होते. मधला दादा कधी गळून पडला ते तुझ्या लक्षात आलं होतं का, मला ठाऊक नाही. आईच्या आलं होतं. त्याची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. झडप लावून झाली की संध्याकाळी तो आमच्याकडे यायला लागला, आधी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायला, कारण त्याचा आवाज तिला ऐकू येतो, माझा नीट येत नाही. मग स्वयंपाकघराची खिडकी बसेना म्हणून ती दुरुस्त करायला. ती खिडकी दुरुस्त व्हायला सबंध हिवाळा लागला. एके दिवशी आईने मला न विचारता तीन पानं घेतली, आणि तेव्हापासून तीनच घेत राहिली. तो शब्दकोडं सोडवायचा आणि मुद्दाम चुकीचे शब्द भरायचा, मी खोडावेत म्हणून. पन्नाशी उलटल्यावर माणसाला आणखी काय लागतं, दादा. मला तरी काही लागत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ओहोटी होती. दक्षिणेच्या झडपेत आदल्या रात्री सुटलेला काठाचा तुकडा येऊन अडकला होता. झडप बसत नव्हती, आणि भरतीच्या आत ती बसवली नाही तर खालच्या वस्तीत पाणी शिरलं असतं. बांधाच्या वाटेने गेलं तर झडपेची बाहेरची बाजू हाताला येत नाही, म्हणून तो काठावर उतरला. काठीने तो तुकडा ढकलत होता. पलीकडे जाळं धुणाऱ्या दोन कोळणींनी पाहिलं. त्या सांगतात की आवाज काहीच झाला नाही. खोलीएवढा काठ, गवतासकट, हळूच कलला आणि तो त्याच्यासकट ओढ्यात गेला. सुटलेला काठ उलटून त्याच्या अंगावर आला. त्या धावल्या, पण चिखल मांडीपर्यंत. तोवर पाणी चढायला लागलं होतं. मी उत्तरेच्या ओढ्यावर होते, जिथे काठावरून बैल चालवला तरी हलणार नाही. फोन आला तेव्हा माझ्या हातात तिथलंच नळकांडं होतं. मी पोचले तेव्हा त्याला बाहेर काढून बांधावर निजवलं होतं. कुणीतरी चेहरा पुसला होता, पण कानात चिखल तसाच राहिला होता. तो मी काढला. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, कारण मी कोण लागत होते त्याची?

वस्तीत पाणी शिरलं नाही. अडकलेला तुकडा निघाला होता, झडप बसली होती.

तू आला नाहीस. "कळलं. फार वाईट झालं," असा तुझा निरोप आला. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की दादाला इतक्या घाईत येणं शक्य नव्हतं. पण तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला आणि मला वाटलं की तुला फोनवरच समजलं होतं. मी पाय घसरला म्हटल्यावर तू एकदम विचारलंस की कुठल्या ओढ्यावर. मी दक्षिणेचा म्हटलं. त्यानंतर तू फोन आईला द्यायला सांगितलास. तू कधीच आपणहून तसं सांगत नाहीस.

पुढचं तुला कुणी कळवलं नसेल. चौकशी बसली आहे. नगरपालिकेने लेखी म्हणणं दिलंय की आखलेली वाट सोडून तो उतरला, काठ भक्कम होता आणि पुरावा म्हणून गवताचे फोटो जोडलेत. तेच दिनदर्शिकेतले. वर कुणीतरी पुडी सोडली की तो प्यायलेला होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि मेलेल्या माणसाला तोंड नसतं. खोकल्याचं औषध घेतलं तरी ज्याला गरगरायचं, त्याच्यावर हा आळ. मी ते ऐकून घेतलं असतं. गाव बोलतं आणि विसरतं. पण त्याची मुलगी दिवसांना आली होती ती निघण्याआधी आमच्याकडे आली. बराच वेळ आईजवळ बसली, मग माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्याकडे बघत म्हणाली, "आत्या, खरं सांग. बाबा एकटे पडल्यावर प्यायला लागले होते का?"

ती मला आत्या म्हणते, कारण मी तिच्या वडिलांच्या मित्राची बहीण. त्या शब्दाने मला कधी इतकं लागलं नव्हतं. मी तिला म्हटलं की नाही, एक थेंबही नाही. ती म्हणाली की तू रोज रात्री थोडीच त्यांच्याजवळ होतीस. यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. ती तशीच गेली, बापाबद्दल थोडीशी लाज घेऊन. गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर उभी होते, तरी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुटलेल्या काठाच्या कडेची नळकांडी काढून आणली. कोळणींनी मला कमरेला दोर बांधून उतरवलं. केंद्रात वीज नव्हती म्हणून घरीच धुतली, अंगणात, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदावर पसरली. एका बाजूला दक्षिणेची मुळं, वर त्याच जागेचं गवत. दुसऱ्या बाजूला उत्तरेची. आईला मी कधी माझं काम समजावलं नाही, तिला वाटतं मी चिखलाची डॉक्टर आहे. ती भिंतीला धरत आली, खुर्चीत बसली. त्या मूठभर मुळांना तिने बोट लावलं, मग गवताच्या पेंढीला लावलं. म्हणाली, "एवढ्याशा केसांवर हा एवढा अंबाडा उभा होता होय?"  मग तिने विचारलं की हे दादाच्या नळाने झालं का. मी हो म्हटलं.  त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मला जवळ बोलावून एवढंच म्हणाली की त्याने तुझ्यासाठी केलं होतं ते. मी म्हटलं, मला माहीत आहे, आई.

हेच मला छळतंय. तुला दोष दे असं माझं मन एकदाही म्हणालं नाही. ज्या पाण्याने मी मरणार होते ते तू आपल्या दारातून हटवलंस. ते जिथे नेलंस तिथे त्याने काय केलं हे कळायला वर्षं जावी लागली. कळल्यावरही नळ तसाच चालू राहिला, त्याला जबाबदार तू नव्हेस, जे खुर्चीत बसलेत ते. पण मी तिथे उभी राहून मुळांचं सांगणार, तेव्हा लोकांना एवढं बारीक ऐकू येणार नाही. त्यांना तुझं नाव ऐकू येईल. नळावर कोनशिला आहे आणि तिच्यावर तुझं नाव आहे. वर्तमानपत्रवाला मधली वाक्यं गाळेल. तुझ्या त्या एका कामावर तुला सगळीकडे मान मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. तुझी बहीणच तो काढून घेतेय असं दिसेल. मूग गिळून बसले तर नळ तसाच वाहील, काठ सुटत राहील, पुढच्या झडपवाल्याला कुणी सांगणार नाही, आणि एक मुलगी आपल्या बापाला दारुडा समजून म्हातारी होईल. मी दोन्हीकडून विचार केला. दोन्हीकडून मला झोप आली नाही. मग मी ठरवलं.

येत्या सोमवारी माझी साक्ष आहे. चौकशी अधिकारी बाई वयाने मोठ्या आहेत आणि सरळ आहेत. त्यांनी मला आधी बोलावून सांगितलं की शपथ घेतल्यावर पहिला प्रश्न नात्याचा असेल. ज्याच्या कामाबद्दल मी बोलणार त्याच्याशी माझं नातं काय, आणि जो गेला त्याच्याशी काय. पहिल्याचं उत्तर मी तिथेच देऊन टाकलं, सख्खी बहीण. दुसऱ्याला मी थांबले. त्या म्हणाल्या, सोमवारी सांगा, पण खरं सांगा, नाहीतर बाकीचं सगळं वाया जाईल. दादा, तू सुट्टीत आलास की आम्ही लग्न करणार होतो. साधं, नोंदणीचं, आई, तू आणि वहिनी साक्षीला. फोनवर तुला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं. "समोर बसून मी स्वतः विचारणार, तो माझा मित्र आहे आणि तुझा मोठा भाऊ, त्याने हो म्हटल्याशिवाय नाही," असं त्याचं पालुपद होतं. कुठल्या शब्दांत विचारायचं याची तो बांधावर तालीमही करायचा. म्हणून तुला काहीच कळलं नाही आणि त्याच्या मुलीलाही नाही. तिला मी आजच दुसरं पत्र लिहिते आहे. सोमवारी भरल्या सभागृहात मी हे सांगेन, आणि त्यानंतर नळाबद्दल जे खरं आहे ते सांगेन. दोन्ही तुला परक्यांकडून कळू नयेत म्हणून हे पत्र. त्याने जे तुला विचारायचं ठरवलं होतं ते आता कुणी विचारणार नाही, त्याचं उत्तर तू देऊ नकोस. एवढंच सांग की तिथे मी त्याचं नाव घेतलं तर तुला चालेल.

तुझीच,
धाकटी